मतपत्रिकेवर ठरणारी शिक्षा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा झाल्या, की कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर येतो आणि बहुमत मिळाल्यास त्याचा कायदा होतो. 1993 साली पेटालुमा येथे 12 वर्षांच्या एका मुलीचे तिच्या घरातून अपहरण करून खून करण्यात आला आणि मारेकरी पॅरोलवर सुटलेला जुना गुन्हेगार निघाला. या घटनेने राज्य ढवळून निघाले. विधिमंडळाने मार्च 1994 मध्ये घाईने ‘थ्री स्ट्राइक्स’ (म्हणजे तिसऱ्या गुन्ह्याला ‘बाद’) कायदा केला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे 72 टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पूर्वी दोन गंभीर वा हिंसक गुन्हे सिद्ध झालेल्या व्यक्तीचा तिसरा गुन्हा ‘फेलनी’ या (किरकोळ गुन्ह्यांहून वरच्या) वर्गातला कोणताही असला, तरी शिक्षा किमान 25 वर्षे ते जन्मठेप!

प्रत्यक्षात या तरतुदीत कोण सापडले? एल सेगुंडो येथील गोल्फच्या दुकानातून पँटच्या पायात तीन स्टिक लपवून लंगडत बाहेर पडणारा एक चोर. प्रत्येक स्टिकची किंमत 399 डॉलर होती. त्याच्या नावावर आधीच्या घरफोड्या आणि एक जबरी चोरी होती, त्यामुळे त्याला 25 वर्षे ते जन्मठेप झाली आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार अशा मतांनी कायम ठेवली.

हीच शिक्षा मतदारांच्या मनात होती, असे मला वाटत नाही. ओहायोतील सिनसिनाटी परिसरात ॲपलगेट, कलेन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. असा कायदा हवा का, या सरसकट प्रश्नाला सुमारे 88 टक्के लोकांनी होकार दिला. पण त्याच लोकांपुढे गुन्हा आणि पूर्वेतिहास यांचे तपशील देऊन शिक्षा सुचवायला सांगितले, तेव्हा जन्मठेप निवडणारे जेमतेम 17 टक्के निघाले. मोघम प्रश्न वाचताना माणसाच्या डोळ्यांसमोर सर्वांत क्रूर गुन्हेगार उभा राहतो, तर तपशील मिळाले की तोच माणूस न्यायाधीशासारखा तोलूनमापून विचार करू लागतो. मतपत्रिका मात्र बहुधा पहिलाच प्रश्न विचारते, आणि म्हणूनच तिच्यावरील शब्दयोजनेला इतके महत्त्व आहे.

कायदा सौम्य करण्याचा प्रस्ताव 2004 मध्ये थोडक्यात पडला. 2012 चा प्रस्ताव अधिक नेमका होता: तिसरा गुन्हाही गंभीर वा हिंसक असेल तरच, काही अपवाद वगळता, ही शिक्षा द्यावी. त्याला सुमारे 69 टक्के मते मिळाली. तुरुंगांतील गर्दी हेही तेव्हा मोठे कारण होते, कारण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या कमी करण्याचा आदेश कायम केला होता. त्यानंतर 2014 मध्ये मतदारांनी 950 डॉलरपर्यंतच्या बहुतेक चोऱ्या किरकोळ गुन्ह्यांत टाकल्या; दुकानांतील चोऱ्यांचा प्रश्न तापल्यावर 2024 मध्ये याच मतदारांनी वारंवार चोरी करणाऱ्यांच्या शिक्षा पुन्हा कडक केल्या.