सर्वांत छोटं .४५ मागण्याआधी

"पिस्तूल कपड्यांखाली दिसता कामा नये, पण .४५चंच हवं", म्हणजे सुमारे ०.४५ इंच जाडीची गोळी झाडणारं. ही मागणी आम्ही दुकानात रोज ऐकतो आणि ती रास्तही आहे. पण ती सांगून लोक ज्या पिस्तुलावर बोट ठेवतात, ते बहुतेक वेळा काउंटरवरचं सर्वांत आखूड पिस्तूल असतं. थोड्याच दिवसांत तेच पिस्तूल "अडकतंय" म्हणून आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतं. म्हणून हे पत्रक. तुमच्याकडे ते बाळगण्याचा परवाना आहे असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

चूक होते ती नळीकडे बघून निवड करण्यात. पँटच्या आत होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) लावलं की नळी झाकली जाते; ती ३ इंची आहे की सव्वाचार, बाहेरून कुणाला कळत नाही. कळते ती मूठ. खाली पडलेली किल्ली उचलायला वाकून बघा, मुठीचं मागचं टोक लगेच शर्ट उचलून धरतं. थोडी लांब नळी उलट उपयोगी पडते. तिचं टोक खाली अंगाला टेकतं आणि वरची मूठ आत दाबली जाते. तेव्हा आधी मुठीची उंची आणि जाडी बघा. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, काडतुसं एका रांगेत बसतात की दोन, यावर जाडी बरीचशी ठरते.

जॉन ब्राउनिंगच्या ज्या पिस्तुलाने .४५ एसीपी हे काडतूस नावारूपाला आलं आणि जे अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं, त्याची नळी ५ इंचांची आणि रिकामं वजन सुमारे १.१ किलो. गोळी २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक), म्हणजे ९ मिमी या लहान काडतुसाच्या ११५ ग्रेनच्या गोळीच्या दुप्पट वजनाची. तेच काडतूस ३ इंची, हलक्या पिस्तुलात घातलं की स्लाइडला, म्हणजे गोळी सुटताच मागे सरकणाऱ्या वरच्या भागाला, मागे जायला जागा कमी उरते, स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि पुढचं काडतूस वर आणायला मॅगझिनला क्षणभरही जास्त मिळत नाही. यंत्र चालतं, पण हाताची ढिलाई खपवून घेत नाही.

एक गृहस्थ असंच पिस्तूल सदोष म्हणून परत घेऊन आले. रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) त्यांच्या हातात तिसऱ्याच गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच काडतुसांचा डबा आमच्या कारागिराने घेतला आणि दोन मॅगझिन सलग रिकामी केली. गृहस्थांचं मनगट सैल पडत होतं. स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूलच मागे येत होतं, त्यामुळे स्लाइडचा फेरा पुरा होत नव्हता. पुढे त्यांनी त्याच उंचीच्या मुठीचं, सव्वाचार इंची नळीचं पिस्तूल घेतलं. ते आजही त्यांच्या कमरेला आहे.

म्हणूनच ३ इंची .४५ आम्ही रेंजवर ५० गोळ्या झाडून बघितल्याशिवाय विकत नाही. "तुम्हाला विकायचं नाही का?" असं काहीजण चिडून विचारतात. विकायचंच आहे, पण जे पिस्तूल तुम्ही सरावाला न्यायचं टाळाल, ते आम्हाला तुमच्या हाती द्यायचं नाही. झटका सोसवत नसेल, तर त्याच आकारात ९ मिमी घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

आखूड पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग, मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याइतक्या गोळ्या झाडून झाल्या की ती बदला. आमच्याकडे घेतलेल्या पिस्तुलाची नोंद आम्ही ठेवतो आणि वेळ आली की कळवतो. रोज जी काडतुसं बाळगता, तीच सरावातही अधूनमधून झाडा. आखूड नळीतून गोळीचा वेग कमी पडतो, त्यामुळे पोकळ टोकाची प्रत्येक गोळी आदळल्यावर हवी तशी उमलेलच असं नाही. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं आणि ताठ हवं, पट्टा जाड हवा. दोन्ही अंगावर लावून बघायला मिळतील.

येताना मॅगझिन काढलेलं, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा) रिकामं आणि पिस्तूल पेटीत असू द्या. रोजचा शर्ट आणि पट्टा घालून या. तक्रार घेऊन येत असाल तर ज्या डब्यातली काडतुसं अडकली तोच डबा आणा. नवा आणलात तर आम्हाला पहिल्यापासून शोधावं लागतं.