दुहेरी ओव्हरड्राइव्ह पेडल : लूप स्विचरला जोडणी

एकाच डबीत दोन ओव्हरड्राइव्ह सर्किटे असलेले गिटारचे पेडल पेडलबोर्डावरच्या लूप स्विचरला (एका बटणावर पेडले सिग्नलच्या वाटेत घेणारे किंवा काढणारे खोके) अशा रीतीने जोडणे, की त्याच्या दोन्ही बाजू हव्या तेव्हा सुट्या किंवा एकत्र वाजवता येतील. गोव्यात ही गरज पडते ती मुख्यतः ऑर्केस्ट्रात, चवथीच्या मंडपांत आणि जत्रेतल्या मराठी नाटकांच्या साथीला बसणाऱ्या गिटारवादकांना. भावगीताला स्वच्छ आवाज, लगेच पुढच्या हिंदी गाण्याला किंचित फाटलेला, आणि सोलोला दोन्ही बाजू एकावर एक. हे बदल पायांची कसरत न करता एका बटणावर यावेत, यासाठी स्विचर.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे व्हॉल्व्ह अँप जोरात लावल्यावर जसा आवाज फाटतो तसा तो छोट्या सर्किटातून काढणे. बॉसचे ओडी-१ हे पेडल १९७७ मध्ये बाजारात आले. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर त्यानंतरचा. दुहेरी पेडलांत अॅनालॉग मॅनचे ‘किंग ऑफ टोन’ विशेष नावाजलेले आहे. मार्शलच्या ब्लूजब्रेकर पेडलवर बेतलेली दोन सर्किटे त्यात एकामागे एक बसवलेली आहेत. पहिली बाजू दुसरीला ढकलते आणि आवाज जास्त भरदार होतो. वादक याला स्टॅकिंग म्हणतात.

लूप स्विचरमध्ये प्रत्येक लूपला दोन जॅक असतात : सेंड आणि रिटर्न. सेंडमधून सिग्नल पेडलच्या इनपुटला जातो, पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला परत येतो. लूप बंद असला की पेडल सिग्नलच्या वाटेतून पूर्ण बाजूला पडते. मग त्या पेडलचा स्वतःचा बायपास (बंद असताना सिग्नल पुढे सोडणारी वाट) चांगला की वाईट हा प्रश्न उरत नाही आणि दहा पॅच केबलींतून (पेडले जोडणाऱ्या आखूड तारांतून) झिजत जाणारा ट्रेबलही वाचतो.

अडचण येते ती इथे. बहुतेक दुहेरी पेडलांना बाहेरून एकच इनपुट आणि एकच आउटपुट असते. स्विचरच्या दृष्टीने ते एकच पेडल. एका लूपमध्ये टाकले तर स्विचर ते पूर्ण लावतो किंवा पूर्ण काढतो. कोणती बाजू वाजायची हे पेडलवरच्या बटणांवरच राहते, म्हणजे पुन्हा वाकणे आले. त्यामुळे स्विचरमध्ये किती लूप हवेत हे ठरवण्याआधी पेडलची मागची बाजू पाहावी. पाच लूपचा बॉस ईएस-५ पुरतो की आठ लूपचा ईएस-८ लागतो, हे अनेकदा त्या एका पेडलावर ठरते.

काही पेडलांना चार जॅक असतात, प्रत्येक बाजूला स्वतंत्र इनपुट आणि आउटपुट. वँप्लरचे ‘ड्युअल फ्यूजन’ या जातीचे. इथे काम सोपे : दोन लूप द्यायचे, पेडलवरची दोन्ही बटणे कायमची चालू ठेवायची आणि पुढचे सगळे स्विचरवर सोडायचे. दिवे मग सतत पेटलेलेच राहतात, म्हणून कोणती बाजू वाजतेय हे पेडलकडे पाहून कळत नाही. नवख्याचा गोंधळ होतो तो यानेच. फायदा मात्र मोठा आहे. ज्या स्विचरमध्ये लूपचा क्रम बदलता येतो (ईएस-५ आणि ईएस-८ दोन्हींत येतो), तिथे दुसरी बाजू पहिलीच्या आधी लावता येते.

दुसऱ्या जातीत दोन बाजूंच्या मधोमध एक टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन संपर्क असलेला) इन्सर्ट जॅक असतो. त्यात काही खोचलेले नसेल तर आतला संपर्क पहिल्या बाजूचे आउटपुट दुसरीच्या इनपुटला जोडून ठेवतो. प्लग खोचला की ती वाट तुटते. यासाठी वाय केबल लागते : एका टोकाला टीआरएस प्लग, दुसऱ्या टोकाला दोन साधे मोनो प्लग. चुका सर्वांत जास्त इथेच होतात, म्हणून जोडणी सविस्तर दिली आहे. पहिल्या लूपचा सेंड पेडलच्या मुख्य इनपुटला. वाय केबलचा जो फाटा पहिल्या बाजूचे आउटपुट आणतो, तो पहिल्या लूपच्या रिटर्नला. दुसरा फाटा दुसऱ्या लूपच्या सेंडला. पेडलचे मुख्य आउटपुट दुसऱ्या लूपच्या रिटर्नला. म्हणजे वाय केबलचे दोन फाटे दोन वेगवेगळ्या लूपमध्ये जातात.

साउंड मिक्सरच्या इन्सर्टची सवय असलेला, म्हणजे दोन्ही फाटे एकाच यंत्रात लावणारा माणूस मात्र दोन्ही फाटे एकाच लूपमध्ये खोचून मोकळा होतो. त्याची खूण ठरलेली आहे. पहिला लूप एकटा लावला तर शांतता, दुसरा एकटा लावला तरी शांतता, आणि दोन्ही लावले तर फक्त पहिली बाजू ऐकू येते. त्या वेळी दुसऱ्या बाजूचे आउटपुट फिरून तिच्याच इनपुटला मिळालेले असते, आणि गेन जास्त असेल तर त्यातून शिट्टीही फुटते. दोष पेडलचा नसतो. कोणता फाटा टिपचा आणि कोणता रिंगचा हे मल्टीमीटरच्या बीपवर तपासून त्यांना रंगीत टेप लावावी. टिपवर सेंड आहे की रिटर्न, हे मात्र कंपनीगणिक बदलते, तेव्हा पेडलचा कागद वाचण्याला पर्याय नाही.

तिसरा मार्ग कंट्रोल केबलचा. पेडलला बाहेरच्या फूटस्विचसाठी जॅक असेल, तर स्विचरच्या कंट्रोल आउटमधून तिथे केबल देता येते. आवाज एकाच लूपमधून जातो, बाजू बदलण्याचा हुकूम वेगळ्या तारेने. पेडलला लॅचिंग (एकदा दाबले की टिकणारा संपर्क) हवे की मोमेंटरी (दाबले असेपर्यंतच टिकणारा), ते आधी पाहावे. लॅचिंग हवे असताना मोमेंटरी दिले तर बाजू दाबल्याक्षणी लागते आणि सोडल्यावर बंद होते. यांपैकी काहीच नसलेले पेडल उघडून मधली तार तोडून जॅक बसवणारे कारागीरही आहेत, पण जुन्या, किमती पेडलला डाख देण्यापेक्षा दोन सुटी पेडले घेणे शहाणपणाचे.

वीजपुरवठ्याबाबत एक पथ्य : स्विचरमध्ये प्रोसेसर असतो, त्याला आणि ओव्हरड्राइव्हला एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या तारेवर) ठेवू नये, किणकिण ऐकू येते. दोघांना आयसोलेटेड (एकमेकांपासून वेगळे) आउटपुट द्यावे. पेडल बहुधा ९ व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह. आणखी एक आवाज बंद लूपमधून येतो. पेडल आत चालूच असते आणि त्याचे इनपुट मोकळे लटकत असेल तर ते खरखर पकडते. बंद लूपचा सेंड अर्थ करणारा स्विचर असेल तर हा त्रास राहत नाही.

मंडपातली घरघर वेगळी. ५० हर्ट्झच्या विजेची ती गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की तात्पुरते अर्थिंग नीट लागत नाही, त्यात जनरेटर. घरघर घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन काढणे हा जुना आणि जिवावर बेतणारा उद्योग आहे. हातात गिटारच्या तारा आणि ओठाला माइक असताना शॉक बसतो. त्याऐवजी डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलची अर्थ तोडणारे बटण, दाबावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहाला भोंगे बंद होत असल्याने साउंडचेकला वेळ काटकसरीनेच मिळतो, तेव्हा वायरिंगची तपासणी घरीच उरकलेली बरी.

दोन लूप म्हणजे चार पॅच केबली, आठ प्लग. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या दमटपणात पितळी प्लगांवर हिरवट थर चढतो, आणि इन्सर्ट जॅकमधला तो आतला संपर्क सर्वांत आधी धोका देतो : काहीच खोचलेले नसताना आवाज तुटक येऊ लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करावा. बोर्डाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि त्या पावसाळ्याच्या मध्यावर एकदा बदलाव्यात.