उपास आणि उपासमार

गावी असताना आमची आजी पहाटे साडेचारला उठायची. चुलीवर स्वतःपुरता चहा टाकायचा आणि उंबऱ्यात बसून बशीतून भुरके मारत प्यायचा. त्या अर्ध्या तासात कुणी बोलायला गेलं की वैतागायची. हीच आजी पुढे पुण्यात काकांकडे आली. घरात सहा माणसं, दिवसभर टीव्ही. तर म्हणे, "मला इथं करमत नाही."

एकांत आणि एकटेपणा यांतला फरक डोकी मोजून कळत नाही, तो असा.

शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाला भूक-तहानेच्या पंगतीत बसवलं. पाणी कमी पडलं की घशाला कोरड पडते, तसा जिव्हाळा कमी पडला की जीव कासावीस होतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लिव्हिया टोमोवा, रेबेका सॅक्स आणि सहकाऱ्यांनी हे मेंदूतच पाहिलं. ४० जणांना एक दिवस १० तास उपाशी ठेवलं आणि एक दिवस १० तास खोलीत एकटं. फोन नाही, माणसाचं दर्शन नाही. स्कॅनरमध्येही ज्याचं त्यानंच जाऊन आडवं व्हायचं! २०२० साली निष्कर्ष छापून आले. भुकेल्यांना खाण्याची चित्रं दाखवल्यावर मध्यमेंदूतला डोपामिन (हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन) तयार करणारा जो भाग चाळवला, तोच एकट्या ठेवलेल्यांना हसतीखेळती माणसं दाखवल्यावर चाळवला.

मग एकांत म्हणजे काय? माझ्या मते, तो उपास. पोट उपासातही रिकामं आणि उपासमारीतही; पण उपास आपण धरलेला असतो आणि उद्या पान वाढलेलं असणार हे ठाऊक असतं. (साबुदाण्याच्या खिचडीचा हिशोब इथं धरलेला नाही.) रोचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगांत लोकांना १५ मिनिटं नुसतं एकटं बसवलं, तर मनातली खळबळ ओसरली; चिडचिड उतरली, तसा उत्साहाचा भरही उतरला. एकटं बसणं ज्यांनी स्वतःहून निवडलं, त्यांना निवांतही वाटलं.

एमआयटीच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. जे आधीपासूनच एकटे होते, त्यांचा मेंदू माणसांची चित्रं पाहून कमी चाळवला. फार दिवस अन्न तुटलं की भूक मरते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असावा.

आजीही पुढेपुढे 'करमत नाही' म्हणेनाशी झाली. आम्हाला वाटलं, रुळली.