पन्नास किलोला चमचाभर

श्रावणात गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत कोंबडी बंद असते, त्यामुळे ब्रॉयलरचा दर पडतो. पक्षी मात्र श्रावण पाळत नाहीत, त्यांचे खाणे चालूच राहते. अशाच एका पावसाळी दुपारी डिचोलीला मावसभावाच्या शेडवर गेलो होतो. दारातच डोळे चुरचुरले. खाली अंथरलेले भाताचे तूस ओले होऊन त्याच्या ढेपा झाल्या होत्या आणि अमोनियाचा वास नाकात बसत होता. भावाने एक पांढरा डबा माझ्यापुढे धरला. "दादा, तू सायन्सवाला ना? हे एन्झाइम महिनाभर फीडवर टाकतोय. काडीचा फरक नाही."

डब्यात बहुधा काही खोट नव्हती. ती पूड नेमके काय करते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. हे असते एक प्रथिन. ठरावीक रेणूचा ठरावीक सांधा तोडणे एवढेच त्याचे काम. ते हार्मोन नाही, औषधही नाही. कोंबडीला 'इंजेक्शन देऊन फुगवतात' असे लग्नाच्या पंगतीत ठासून सांगणारे काका भेटतात, त्यांच्या यादीत याची भर घालू नये. काम झाले की हे विकर बाकीच्या प्रथिनांसारखेच पचून जाते. कोंबडीच्या पोटात स्वतःची विकरेही असतातच. पिष्ट, प्रथिन, चरबी ती पचवतात. अडते ते दोन ठिकाणी.

पहिली अडचण फॉस्फरसची. हाडांसाठी कोंबडीला तो भरपूर लागतो. मका आणि सोयापेंडीत तो असतोही, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटिक आम्लात अडकलेला असतो. सहा कोपऱ्यांच्या एका छोट्या कड्याला सहा फॉस्फेट चिकटलेले, अशी या रेणूची रचना. झाडाने पुढच्या रोपासाठी बियाण्यात बांधून ठेवलेली ही शिदोरी. ती सोडायला लागणारे फायटेज नावाचे विकर कोंबडीकडे नावापुरतेच असते. वर हा रेणू कॅल्शियम, जस्त, लोह यांनाही धरून ठेवतो. म्हणजे फॉस्फरस पोटात जातो, तसाच विष्ठेतून बाहेर पडतो, आणि आपण वरून पैसे मोजून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात घालतो. ते ज्या खडकापासून बनते तो रॉक फॉस्फेट भारत मुख्यतः परदेशातूनच आणतो.

पोदेराची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याची, कोंड्याची पोई खाणाऱ्याला हे रसायन नवे नाही. पोईच्या कोंड्यातही फायटिक आम्ल असते. पण गव्हात स्वतःचे फायटेज असते, आणि पीठ भिजून आंबत पडते तेवढ्या वेळात ते आपले काम बरेचसे उरकते. कोंबडीच्या पोटात एवढी सवड कुठली? गळ्याखालची पिशवी, आम्लाचे जठर, मग दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो पेठा, पुढे आतडी, असा सगळा प्रवास काही तासांत संपतो. त्यातही बाहेरून दिलेल्या फायटेजला मानवणारी आम्लता आतड्याच्या आधीच्या टप्प्यांतच भेटते. जे करायचे ते तिथेच.

तरी ते जमते. नेहमीचे प्रमाण किलोला ५०० युनिट. एक युनिट म्हणजे ५.५ सामू आणि ३७ अंश सेल्सिअसला मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवेल एवढे विकर. बाजारातल्या पुडीत ग्रॅममागे ५००० युनिट असतील, तर पन्नास किलोच्या पोत्याला पाच ग्रॅम पुरतात. चहाचा चमचाभर! टनाला १०० ग्रॅम घातले की सुमारे पाच किलो डीसीपी कमी करता येते. बाजारात फायटेज १९९१ साली आले, आणि त्याला आधी जोर मिळाला तो नेदरलँड्समध्ये. तिथली चिंता वेगळी होती: डुकरा-कोंबड्यांच्या खतातून पाण्यात उतरणारा फॉस्फरस आणि त्यावर माजणारे शेवाळ.

दुसरी अडचण चिकटपणाची. गहू आणि बार्लीच्या पेशीभित्तिकेत अरॅबिनोझायलन, बीटा-ग्लुकन अशी न पचणारी लांबलचक साखळी-शर्करा असते. आतड्यात ती पाणी धरते, रस खळीसारखा दाट होतो, अन्न भिंतीपर्यंत पोचत नाही आणि विष्ठा चिकट पडते. झायलनेज आणि ग्लुकनेज या साखळ्यांचे तुकडे करतात. बार्लीच्या खाद्यात विकर घातल्यावर पिल्ले चांगली वाढतात, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी १९५७ मध्येच दाखवले होते. (झायलनेजवर आपल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतही काम झाले आहे. खारफुटीतल्या बुरशीपासून ते मिळवले, पण कागदाचा लगदा उजळण्यासाठी. एकच कात्री, कापड निराळे.)

आता डिचोलीची गोष्ट. आपल्याकडचे ब्रॉयलर खाद्य मका-सोयाचे, आणि मक्याने आतड्यात खळ होत नाही. त्यामुळे बार्ली खाणाऱ्या युरोपातला झायलनेजचा चमत्कार इथे तसाच दिसेल, ही अपेक्षा फोल. भावाचे तूस ओले होते ते पक्ष्यांना पाणी पाजणाऱ्या गळक्या निपलमुळे आणि पाऊस आत मारत होता म्हणून. ओल्या तुसात जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया करतात. डब्यातल्या पुडीने छप्पर गळायचे थांबत नाही.

मी रिकामे पोते उलटून त्याला शिवलेली चिठ्ठी वाचली. घटकांच्या यादीत शेवटून तिसरे नाव: फायटेज. तयार फीडमध्ये ते आधीच होते. वर, खाद्यही गोळ्यांचे. गोळ्या करताना वाफेवर ८०-८५ अंशांपर्यंत तापवतात. त्यात साधे विकर उकडलेल्या अंड्यासारखे कायमचे बिघडते, म्हणून कारखान्यात उष्णता सोसणारे किंवा आवरण दिलेले वापरतात, नाहीतर गोळ्या थंड झाल्यावर फवारतात. ते सगळे सांभाळून, फॉस्फरसचा हिशेब जुळवून आलेल्या खाद्यावर भाऊ आणखी मूठभर टाकत होता. फॉस्फरस पुरेसाच असेल तर आणखी सोडवून पक्षी करणार काय? खरा नफा फॉर्म्युला बदलण्यात आहे: विकर घाला, आणि तेवढे डीसीपी काढा.

नफा छोटा असतो, पण पक्षी अनेक असतात. ब्रॉयलरच्या खर्चात ६० ते ७० टक्के खाद्यच. दोन किलोचा पक्षी, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारे खाद्य) १.७, म्हणजे खाल्ले ३.४ किलो. समजा तीन टक्के बचत झाली, तर पक्ष्यामागे १०० ग्रॅम. दोन हजार पक्ष्यांच्या बॅचला चार पोती.

"म्हणजे डबा फेकू?" भावाने विचारले.

शेडच्या मागे काकूच्या तीसेक ग्रामप्रिया कोंबड्या चरत होत्या. त्यांना ती कणी आणि गिरणीतला कोंडा घालते. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस रग्गड, आणि त्यातला बहुतेक फायटिक आम्लातच. डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. फायटेजच होते, मुदतही सरली नव्हती.

"काकूकडे दे," म्हटले. "पण आधी कोंड्याचं वजन करा, आणि पूड थोड्या कोंड्यात कालवून मग सगळ्यात मिसळा. कढत पेजेत घालू नको म्हणावं."