सीआर३ लिनक्सवर उघडायला एवढा वेळ का लागला

गणपतीत लालबाग-परळला कॅमेरा घेऊन फिरणारी पोरं असोत की दादरला लग्नाच्या ऑर्डरी घेणारे, कॅननवर शूट करून लिनक्सवर डार्कटेबल या फुकट फोटो-एडिटरात एडिट करायचं म्हटलं की सीआर३ या कॅननच्या रॉ (सेन्सरच्या कच्च्या डेटाच्या) फाईलपाशी गाडी अडायची, आणि त्यामागचं कारण खूप जणांना आजही माहीत नाही.

२०१८ला ईओएस एम५० आला आणि त्याच्याबरोबर हा फॉरमॅट. आधीचा सीआर२ टिफ या जुन्या इमेज फॉरमॅटच्या पायावर होता, सीआर३ मात्र एमपी४ व्हिडिओ ज्या आयएसओ स्टँडर्डवर चालतो त्यावर बांधलेला, म्हणजे फाईलमध्ये डब्यात डबे, एकात एक्झिफ म्हणजे फोटोची तांत्रिक माहिती, एकात प्रिव्ह्यू, एकात मूळ रॉ डेटा. लोक म्हणतात कॅननने माहिती दिली नाही म्हणून अडलं. पण हौशी लोकांनी ती कोडी सोडवलीच होती, रॉ फाईल उघडणाऱ्या लिबरॉ लायब्ररीच्या ०.२० आवृत्तीत २०२०लाच सपोर्ट आला. खरी गोची झाली एक्झिव२मध्ये. कॅमेरा मॉडेल, लेन्स, आयएसओ ही माहिती वाचणारी लायब्ररी ती, डार्कटेबल तिच्यावरच अवलंबून. त्या डब्यांच्या रचनेवर कुणाचं तरी पेटंट निघालं तर काय, ही धास्ती तिथे होती. शेवटी २०२१ला एक्झिव२च्या ०.२७.४ आवृत्तीत कोड आला, तोही बाय डिफॉल्ट बंद, ज्याला हवं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर बिल्ड करताना चालू करायचा. डार्कटेबल ३.८मध्ये डिसेंबर २०२१ला सीआर३ आला तेव्हाही एक्झिव२मध्ये तो पर्याय चालू असणं गरजेचं होतं. मला हे फार लागतं, कारण कोड तयार, टेस्ट करणारे तयार, आणि अडवणूक फक्त भीतीची.

ती भीती उगाच नव्हती म्हणा. १९९४च्या शेवटी युनिसिसने जिफमधल्या एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशन पद्धतीच्या पेटंटवर पैसे मागायला सुरुवात केली, त्यातून पीएनजी जन्माला आला, आणि अमेरिकेतलं ते पेटंट २००३पर्यंत डोक्यावर होतंच. २००५ला निकॉनने डी२एक्स कॅमेऱ्याच्या एनईएफ या रॉ फाईलमध्ये व्हाइट बॅलन्स एन्क्रिप्ट केला, ते पेटंट प्रकरण नव्हतं, पण डिजिटल कुलूप तोडायला बंदी घालणाऱ्या अमेरिकन कायद्याच्या धाकाने अडोबीसुद्धा थबकली, आणि डीसीरॉ हा रॉ उघडणारा फुकट प्रोग्रॅम लिहिणाऱ्या डेव्ह कॉफिनने मात्र तो उलगडून दाखवला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ला, अडोबीने डीएनजी हा खुला रॉ फॉरमॅट आणला होता, पेटंटचा परवाना फुकट देऊन. तसं सगळ्याच कंपन्यांनी केलं असतं तर ही वेळच आली नसती!

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. पेटंट कायद्याच्या ३(के) कलमात नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही, २००४च्या अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला होता पण २००५ला संसदेने ते उडवलं. त्यामुळे अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात नुसत्या सॉफ्टवेअरचा अर्ज गेला तर तिथे हीच आडकाठी. पण फ्री सॉफ्टवेअर एका देशापुरतं बनत नाही, तेच पॅकेज अमेरिकेतही उतरवलं जातं, म्हणून मुंबईतल्या फोटोग्राफरलाही तिकडच्या वकिलांच्या भीतीची झळ बसते.

आता सीआर३ सुरळीत आहे, एक्झिव२ ०.२८पासून तो कोड बाय डिफॉल्ट चालू झाला. पण निकॉन झेड९च्या हाय एफिशियन्सी रॉमागे इंटोपिक्स कंपनीचं पेटंट असलेलं टिकोरॉ हे कॉम्प्रेशन तंत्र आहे, त्यामुळे लिनक्सवर काम करणाऱ्याने कॅमेऱ्यात लॉसलेस कॉम्प्रेशनच ठेवावं, फाईल मोठी झाली तरी चालेल.