ब्रिटनमध्ये आपली हॅचबॅक ट्रॅक-डे आणि क्लब शर्यतीत उतरवण्यासाठी : पात्रता, परवाना आणि कागदपत्रे

रेनॉ क्लिओ १८२ किंवा फोर्ड फिएस्टा एसटी यांसारखी जुनी पण चपळ हॅचबॅक घ्यावी आणि ती सर्किटवर चालवावी, अशी इच्छा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी मोटारप्रेमींची असते. बहुतेक जण गाडीचे काम आधी काढतात आणि नियमपुस्तिका नंतर उघडतात. मग बसवलेला सुटा भाग शर्यतीच्या वर्गाच्या नियमात बसत नाही आणि तो काढण्याचाही खर्च अंगावर पडतो. म्हणून स्पॅनर हातात घेण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा : गाडी नंबरप्लेटसह रस्त्यावर राहणार आहे की केवळ शर्यतीची होणार आहे? पुढची सगळी कागदपत्रे या उत्तरावर ठरतात.

ट्रॅक-डे म्हणजे शुल्क भरून आपली गाडी सर्किटवर चालवण्याचा दिवस, शर्यत नव्हे. तेथे फेरीची वेळ मोजली जात नाही आणि पुढच्या चालकाने वाट दिल्याशिवाय त्याला ओलांडता येत नाही. यासाठी स्पर्धा-परवाना लागत नाही. साधारणपणे चालू स्थितीतला वाहनचालक परवाना, जबाबदारी स्वीकारल्याचे सही केलेले घोषणापत्र आणि सकाळच्या सूचना-सत्राला हजेरी एवढे पुरते. भारतीय परवान्यावर येथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. तो परवाना थेट बदलून मिळत नसल्याने त्यानंतर ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते, हे नव्याने आलेल्यांनी विसरू नये. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि गाडी ओढण्याचा हुक तयार ठेवावा. आवाजाची मर्यादा प्रत्येक सर्किटची वेगळी असते. उभ्या गाडीचा आवाज बहुधा सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनातून, इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) कमाल मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर ठेवून मोजला जातो. या चाचणीत गाडी नापास झाली, तर भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही. नेहमीच्या विम्यात ट्रॅक-डे बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे पॉलिसीतील अपवादांचा भाग शब्दशः वाचावा आणि गरजेनुसार त्या दिवसापुरता वेगळा विमा घ्यावा.

गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा. इंजिन, त्याची क्षमता, रंग किंवा आसनसंख्या बदलल्यास डीव्हीएलए या वाहन व परवाना नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे गाडीची व्ही-५-सी नोंदपुस्तिका दुरुस्त करून घ्यावी लागते. धुरातील घातक वायू कमी करणारा मूळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला, किंवा एअरबॅग असलेले स्टिअरिंग काढून तेथे शर्यतीचे साधे चाक बसवले, तर गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. गाडी पूर्णपणे शर्यतीची करायची असेल, तर ती रस्त्यावर नसल्याची सॉर्न ही नोंद डीव्हीएलएकडे करावी आणि ने-आण ट्रेलरवरून करावी. सुदैवाने १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावरही ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे.

प्रत्यक्ष शर्यतीसाठी मात्र मोटरस्पोर्ट यूके या नियामक संस्थेचा परवाना हवा. नवख्यांसाठी तो इंटरक्लब दर्जाचा असतो. प्रथम संस्थेकडून ‘गो रेसिंग’ संच मागवावा, त्यातील माहितीचा नीट अभ्यास करावा आणि मग मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये एआरडीएस चाचणीची (परवान्यासाठीची लेखी आणि चालवण्याची परीक्षा) तारीख घ्यावी. लेखी परीक्षेत झेंड्यांवरील सर्व प्रश्न बरोबर यावेच लागतात. पिवळा झेंडा हलत असताना काय करायचे याबाबत चुकीला जागा नाही, आणि हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो, कारण त्या झेंड्यापुढे एखादा मार्शल (सर्किटवरील सुरक्षा-कर्मचारी) उघड्यावर काम करत असू शकतो. चालवण्याच्या चाचणीत वेग नव्हे, तर सातत्य, आरशांचा वापर आणि गाडीवरचा ताबा पाहिला जातो. उत्तीर्ण झाल्यावर शाळेने प्रमाणित केलेला अर्ज आरोग्यविषयक माहिती, छायाचित्र आणि शुल्क यांसह संस्थेकडे पाठवावा. ज्यांच्याकडे एफएमएससीआय या भारतातील मोटरस्पोर्ट संघटनेचा स्पर्धा-परवाना आहे त्यांनी आधी त्या संघटनेला कळवावे, कारण एका वेळी एकाच देशाच्या संस्थेचा परवाना बाळगता येतो.

याशिवाय शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सदस्यत्व, मालिकेची नोंदणी आणि प्रत्येक फेरीचा प्रवेशअर्ज या स्वतंत्र गोष्टी आहेत. १९३९ साली स्थापन झालेला ७५० मोटर क्लब क्लिओ १८२ साठी वेगळी मालिका चालवतो. एकाच प्रकारच्या गाड्यांच्या अशा वर्गात काय बदलता येते हे नेमके लिहिलेले असल्याने नवख्याने तेथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

सकाळच्या तांत्रिक तपासणीत परीक्षक चालकाला आसनाशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर शिवलेले लेबल उलटून त्यावरची मुदत वाचतो. मुदत संपली असेल तर पट्टा कितीही नवा दिसला तरी चालत नाही. रोल केज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), शर्यतीचे आसन, अग्निशामक आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा खटका या वस्तू तो हात लावून पाहतो. खटक्याजवळ निळ्या त्रिकोणातील लाल विजेचे चिन्ह हवे. चालकासाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या ८८५९-२०१५ सारख्या मान्य मानकाचे हेल्मेट, आगरोधक पोशाख, हातमोजे, बूट आणि मान सावरणारे एफएचआर उपकरण आवश्यक असते. नवख्याच्या गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावावी लागते.

देखभालीत सर्वाधिक दुर्लक्ष ब्रेक फ्लुइडकडे होते. साध्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. माझ्याच गाडीत दोन वर्षे जुने फ्लुइड होते आणि तिसऱ्या सत्रात पेडल पायाखाली स्पंजासारखे मऊ होऊन तळाला गेले. सुदैवाने पुढे मोकळी जागा होती. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक-डेपूर्वी मी फ्लुइड बदलून तारीख वहीत लिहितो. क्लिओ १८२ च्या टायमिंग बेल्टचीही (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) नोंद अशीच ठेवावी. या इंजिनात क्रँकच्या पुलीला ती जागेवर अडकवणारी खीळ (की) नसते, त्यामुळे इंजिन जागेवर धरून ठेवणारे लॉकिंग टूल न लावता बेल्ट बदलल्यास टायमिंग सरकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. बेल्ट नेमका केव्हा बदलला याची पावती नसलेली गाडी विकत घेतल्यास सर्किटवर नेण्यापूर्वी तो बदलून घ्यावा.