भिंत जाड असली म्हणजे घर उबदार असतं का?

जुन्या घराला दोन खोल्या जोडायचं ठरलं की पहिल्याच चर्चेत कुणीतरी जुन्या भिंतीवर थाप मारतं आणि म्हणतं, "दीड हात जाडीची भिंत आहे, हिला कसली थंडी!" नव्या खोलीसाठी हलक्या भिंतीचा नमुना दाखवला की तोच माणूस तो बोटाने दाबून बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. पोकळ वाटते, हिच्यात ऊब काय राहणार? दोन्ही वेळा गल्लत एकच आहे. उष्णता साठवणं हे एक काम, उष्णता अडवणं हे दुसरं. जाड भिंत पहिलं काम उत्तम करते, दुसरं बेताचंच. आपण मात्र दोन्हीला "भिंत ऊब धरते" एवढंच म्हणतो, आणि हीटर कोणता घ्यायचा, केवढा घ्यायचा, उष्णता अडवणारा थर भिंतीला आतून लावायचा की बाहेरून, हे सगळं त्या एका वाक्याच्या भरवशावर ठरतं.

अडवण्याचं काम खरं तर हवा करते. रॉकवूल आणि ग्लासवूल (दगडाच्या आणि काचेच्या तंतूंची लोकर), थर्माकोल यांच्यात हवा बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते, आणि जागची न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. भरीव विटेत किंवा दगडात ही सोय नाही. १० सेंटीमीटर रॉकवूल जेवढी उष्णता अडवतं, तेवढी अडवायला विटांची भिंत जवळपास २ मीटर जाड बांधावी लागेल. ग्रॅनाइटसारख्या घट्ट दगडाची तर ६ मीटर. हाच हिशेब उलटा केला की ग्रॅनाइटची दीड हाताची भिंत म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभर रॉकवूल. ज्यांनी त्या घरात जन्म काढला त्यांना हे ऐकून वाईट वाटतं, हे मी पाहिलंय. पण भिंतीला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तिची ताकद दुसऱ्या कामात आहे.

ती ताकद वजनाची. घनमीटरभर वीटकाम साधारण १,७०० किलो भरतं आणि ते एका अंशाने तापवायला सुमारे ०.४ युनिट ऊर्जा लागते. तेवढ्याच आकाराच्या रॉकवूलचं वजन याच्या काही टक्केच, त्यामुळे त्यात साठण्यासारखं काही नसतंच.

आता एक खोली घेऊ. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची विटांच्या. खोलीतली नुसती हवा १० अंशांनी तापवायची तर ०.१६ युनिट पुरतं. २ किलोवॉटचा हीटर ते काम पाच मिनिटांत करतो. पण त्या दोन भिंती सरासरी १० अंशांनी तापवायच्या तर २२ युनिटं लागतात, म्हणजे तोच हीटर सलग ११ तास, तेही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. म्हणूनच थंड घरात संध्याकाळी हीटर लावल्यावर भिंतीवरचा तापमापक २१ अंश दाखवतो आणि तरी माणूस शाल सोडत नाही. आपल्या अंगाला जाणवणारं तापमान साधारणपणे हवेचं आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं मिळून, दोहोंच्या मधलं असतं. भिंत १३ अंशांवर असेल तर अंगातली ऊब तिच्याकडे जातच राहते. अशा वेळी लोक हीटर बदलून मोठा आणतात. त्याने डोक्याजवळची हवा आणखी तापते, पाय गारच राहतात.

आणि गळती? आत आणि बाहेर १५ अंशांचा फरक असला तर या दोन भिंतींतून, खिडक्या सोडूनही, सतत ७०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. त्यांना १० सेंटीमीटरचा थर दिला की ती साधारण १२० वॉटवर येते. भिंतीची जाडी आहे तीच, काम सहापट सुधारलं.

तुमच्या घराचं काय चाललंय ते तळहातालाही कळतं. दिवसभर घर तापवल्यावर रात्री बाहेरच्या भिंतीवर हात ठेवा, मग दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर. आतली भिंत कोमट लागते, कारण तिने साठवलेलं कुठे जातच नाही. बाहेरची गार लागते, कारण ती एका बाजूने घेते आणि दुसऱ्या बाजूने देऊन टाकते. दोन्ही भिंती एकाच विटेच्या असू शकतात. पहाटे पुन्हा हात लावून पाहा. फरक आणखी वाढलेला असतो.

उन्हाळ्याचा अनुभव या गैरसमजाला खतपाणी घालतो, म्हणून तेही सांगतो. दगडी घर दुपारी गार असतं हे खरं. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला सातेक तास लागतात, जाड दगडाला त्याहून जास्त. तोवर बाहेर रात्र झालेली असते, खिडक्या उघडल्या की भिंत पुन्हा निवते. या साठवणीला रात्रीच्या गारव्याची जोड लागते. रात्रीही उकडत असेल तर तीच भिंत झोपेच्या वेळी शेगडीसारखी तापलेली राहते. आणि हिवाळ्यात, दिवस-रात्र बाहेर थंडीच असताना, साठवलेलं राखायला कुणी नसेल तर साठवण रिकामी होतच राहते.

म्हणजे दोन्ही हवंच. मग थर कुठे लावायचा? माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत एवढा महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. थर बाहेरून लावला तर जड भिंत उबेच्या बाजूला येते. ती हळूहळू तापते, पण एकदा तापली की हीटर काही तास बंद राहिला तरी खोली गार पडत नाही. ज्या खोल्यांत दिवसभर कुणीतरी असतं, घरात म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत, तिथे मी बाहेरूनच लावायला सांगेन. थर आतून लावला तर जड भिंत थंडीच्या बाजूला राहते. साठवण गेली, पण खोली दहा-पंधरा मिनिटांत उबदार होते. कधीमधी वापरायच्या पाहुण्यांच्या खोलीला किंवा संध्याकाळी दोन तास वापरायच्या अभ्यासिकेला हे जास्त सोयीचं.

आतून थर लावताना मात्र एक धोका असतो आणि तो दिसत नाही. थरामुळे मूळ भिंत पूर्वीपेक्षा जास्त गार पडते. २० अंशांच्या खोलीत हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. थरामागे फट राहिली आणि खोलीतली दमट हवा तिथवर पोचली की थराच्या पाठीमागे पाणी सुटतं, आणि बुरशीचा वास येईपर्यंत कुणाला कळत नाही. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर आणखी जपायला हवं. ती ओल शोषते आणि वाळवते; तिच्यावर वाफ अडवणारा सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की वाळणं थांबतं. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे छपराची गळती आणि जोत्याची ओल आधी दुरुस्त करायची, मग थराचं बघायचं.

ऊब देणाऱ्या साधनाची निवड इथून पुढे सोपी होते. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून वर कोबा केला तर तो कोबाच साठवण होतो. तापायला काही तास घेतो, निवायलाही तेवढेच. दिवसभर वापरातल्या घराला हे सुखाचं असतं. अधूनमधून वापरायच्या खोलीत मात्र ऊब पोचते तेव्हा माणसं उठून गेलेली असतात. भिंतीवरचा रेडिएटर (ज्यातून गरम पाणी फिरतं ती पत्र्याची पेटी) किंवा साधा विजेचा हीटर लगेच प्रतिसाद देतो. साधा हीटर एका युनिट विजेची एक युनिटच ऊब देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतो, त्यामुळे बेताच्या थंडीत एका युनिटला तीन ते चार युनिटं ऊब मिळते. पण नळ्यांतलं किंवा रेडिएटरमधलं पाणी त्याला जितकं जास्त तापवायला सांगाल तितका हा फायदा आटतो. ३५ अंशांच्या पाण्यावर कोबा छान चालतो. ६५ अंशांचं पाणी मागणारे जुने छोटे रेडिएटर त्याच पंपाला दमवतात. भिंती आधी अडवणाऱ्या केल्या की तेच रेडिएटर कोमट पाण्यावर पुरे पडू शकतात, आणि पंपही लहान चालतो. म्हणून हीट पंप आधी आणि भिंतीचं "पुढच्या वर्षी बघू" असं कुणी म्हणालं तर मी त्यांना थांबवतो. मोठा पंप घेऊन बसाल आणि पुढच्या वर्षी तो गरजेपेक्षा दुप्पट ठरेल.

छपराचं आणि खिडक्यांच्या फटींचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही: बहुतेक घरांत तिथलं काम स्वस्त आणि फायदा लगेच, तेव्हा भिंतीच्या आधी तेच उरका.

राहिला सांधा. जुनी साठवणारी भिंत आणि नवी अडवणारी भिंत जिथे भेटतात, तिथे थर तुटला तर उष्णतेला चोरवाट मिळते. नव्या खोलीचा स्लॅब तसाच बाहेर सज्जा म्हणून काढला असेल तर तीही तशीच वाट. बांधकाम झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नेमक्या त्याच कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात, त्यापुढे कपाट ठेवलं जातं, आणि हवा न खेळल्यामुळे ठिपके वाढतात. नकाशावर नवा थर जुन्या भिंतीवर निदान हातभर पुढे नेलेला आहे का, हे आर्किटेक्टला विचारा. आणि ज्या दिवशी गवंडी त्या कोपऱ्यात गिलावा चढवणार असेल त्या सकाळी स्वतः तिथे जा. थराच्या दोन तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढी फट दिसली तर ती भरून झाल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.